पॅडल घ्यावं की बटण? मुंबईत पहिली स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी

पहिली स्पोर्ट्स कार घेताना लोक रंगावरून वाद घालतात, चाकाच्या इंचांवरून वाद घालतात, एक्झॉस्टच्या आवाजाचे व्हिडिओ रात्ररात्र बघतात. गिअर कशाने बदलणार, स्टीअरिंगमागच्या बोटाने ओढायच्या पट्टीने (तिलाच पॅडल म्हणतात) की स्टीअरिंगवरच्या बटणाने, हा प्रश्न मात्र 'जे येईल ते चालेल' म्हणून सोडून देतात. गाडी दारात आली की रोज हाताखाली येते ती नेमकी हीच वस्तू. मी सेकंड-हँड बाजारात फिरत होतो तेव्हा सेल्समन एक सांगायचा, गाडीचा मालक दुसरंच सांगायचा, आणि पॅडल, बटण, टॉगल, रॉकर या सगळ्यांची खिचडी व्हायची. शेवटी बऱ्याच गाड्यांमध्ये बसून, चालवून, मालकांना विचारून जे समजलं ते इथे क्रमाने मांडतो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत वरचा गिअर गाडी स्वतःच टाकते आणि छान टाकते. आपल्याला हात घालावा लागतो तो खालच्या गिअरसाठी: ओव्हरटेक करताना, पुलाच्या चढावर, बोरघाट उतरताना. पॅडलच्या गाडीत खालचा गिअर डाव्या पॅडलने पडतो, म्हणून गाडी निवडताना सगळं लक्ष डाव्या हाताकडे द्या. खालचा गिअर न बघता, न चाचपडता पडला पाहिजे. बाकीचे मुद्दे त्यानंतर.

१. समोरचा माणूस कोणत्या बटणाबद्दल बोलतोय ते आधी विचारा

'बटणवाली गाडी' या शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे स्टीअरिंगच्या चाकाच्या आऱ्यांवर बसवलेली गिअरची बटणं. पोर्शने १९९०च्या दशकात टिपट्रॉनिक एस या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत ती आणली. पुढे २००८च्या सुमारास ९११ च्या ९९७ पिढीत पीडीके हा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, गिअरबॉक्स आला, तेव्हाही साध्या स्टीअरिंगवर बटणंच होती. पीडीकेच्या बटणांची पद्धत अशी: अंगठ्याने पुढून दाबलं की वरचा गिअर, मागून बोटाने ओढलं की खालचा. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना हेच. लोकांनी इतकी कुरकुर केली की पोर्शने वेगळ्या पॅडलचा पर्याय दिला, उजवं वर आणि डावं खाली.

आता खरी गोम ऐका. त्याच काळातल्या बीएमडब्ल्यूच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत, उदाहरणार्थ ई९० पिढीच्या ३३५आय मध्ये, दिसायला तसलीच व्यवस्था आहे, पण नेमकी उलटी. तिथे अंगठ्याने ढकललं की खालचा गिअर, बोटाने ओढलं की वरचा. सकाळी एक गाडी बघून दुपारी दुसरी चालवलीत तर ओव्हरटेकच्या ऐन क्षणी हात दगा देणार. सेकंड-हँड गाड्या बघताना प्रत्येक गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: पुढून दाबलं तर काय होतं, मागून ओढलं तर काय होतं?

दुसरी गोष्ट म्हणजे गिअरशी संबंध नसलेली बटणं. ड्राइव्ह मोड, सस्पेन्शन, लाँच कंट्रोल (उभ्या जागेवरून झपाट्याने सुटायची सोय), इंडिकेटर, वायपर, फोन. फेरारीच्या स्टीअरिंगवरची मॅनेटिनो ही ड्राइव्ह मोड बदलायची लाल कळ २००४च्या एफ४३० पासून आहे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमध्ये एम१ आणि एम२ ही दोन बटणं असतात, त्यांत आपल्या आवडीचं सेटिंग साठवता येतं. आज नवीन स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे 'पॅडल की बटण' असा सरळ प्रश्न फारसा उरलेला नाही. गिअर बहुतेक पॅडलनेच बदलतो. प्रश्न असतो तो पॅडल कसलं आणि बाकीच्या बटणांची गर्दी किती. सेकंड-हँड बाजारात मात्र जुना प्रश्न अजून जसाच्या तसा उभा आहे.

२. पॅडल स्टीअरिंगसोबत फिरतं की जागीच राहतं?

माझ्या मते या सगळ्या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा भेद हा आहे, आणि शोरूममध्ये याबद्दल कुणी आपण होऊन बोलत नाही.

पोर्श, बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज-एएमजी यांच्या गाड्यांत पॅडल स्टीअरिंगच्या चाकावर बसवलेलं असतं. चाक वळवलं की पॅडलही वळतं, म्हणजे बोट आणि पॅडल यांची जोडी तुटत नाही. फेरारी आणि लॅम्बोर्गिनीत पॅडल चाकामागच्या दांड्याला, म्हणजे कॉलमला, पक्कं असतं. चाक कितीही फिरवा, डावं पॅडल डावीकडेच.

दोन्ही बाजूंना भक्कम कारणं आहेत. ही कल्पना आली फॉर्म्युला वनमधून. जॉन बर्नार्ड यांनी डिझाइन केलेल्या फेरारी ६४० या गाडीला चाकामागे पॅडल होती, आणि १९८९ मध्ये ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांनी ती जिंकून दाखवली. गिअरचा दांडा गेला तशी कॉकपिट अरुंद करता आली, आणि चालकाचे दोन्ही हात सतत स्टीअरिंगवर राहिले. रस्त्यावरच्या फेरारीत ही व्यवस्था १९९७च्या एफ३५५ एफ१ पासून आली. पण शर्यतीच्या गाडीचं स्टीअरिंग फारच थोडं फिरतं, हात सुटायची वेळच येत नाही. रस्त्यावरच्या गाडीला गल्लीत वळायचं असतं, यू-टर्न घ्यायचा असतो, मॉलच्या गोल रॅम्पवरून तिसऱ्या मजल्यावर चढायचं असतं. तिथे हात पूर्ण फिरतात, एकमेकांवरून जातात. फिरणारं पॅडल अशा वेळी उलटं होतं: डावीकडचं उजवीकडे येतं आणि खालच्या गिअरऐवजी वरचा पडतो. कॉलमवरचं पॅडल गोंधळ करत नाही, पण पाव वळणापलीकडे गेलात की बोटांना लागत नाही.

निस्सानने जीटी-आर आर३५ मध्ये सुरुवातीला पॅडल कॉलमवर ठेवली होती. २०१७च्या मॉडेलमध्ये ती चाकावर आणली, कारण वळणाच्या मध्यावर हात न हलवता गिअर बदलता यावा. मॅक्लारेनने आणखी वेगळी वाट काढली. त्यांचं पॅडल दोन्ही बाजूंना मिळून एकच अखंड पट्टी आहे, मधोमध टेकलेली. एक बाजू ओढा किंवा दुसरी ढकला, परिणाम तोच. एका हाताने दोन्ही गिअर होतात. मला स्वतःला ही रचना फार आवडते.

मुंबईपुरतं माझं म्हणणं असं. तुमची गाडी रोज सोसायटीच्या वळणदार रॅम्पवरून, दादर किंवा गिरगावच्या गल्लीतून बाहेर निघणार असेल, तर चाकासोबत फिरणारं पॅडल बरं. हळू वेगात गिअर ऑटोवर सोडा आणि पॅडलला हात लावू नका, म्हणजे उलटसुलट व्हायचा प्रश्नच नाही. मोठ्या वळणांच्या घाटात ते बोटाखालीच राहतं. कॉलमवरचं पॅडल आवडत असेल तर ते लांब असलं पाहिजे, चाकाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत पोचणारं.

३. गिअरबॉक्स कोणता आहे ते बघा

पॅडल नुसता निरोप देतं. गिअर बदलण्याचं काम गिअरबॉक्सचं. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो, म्हणून ओढताक्षणी पडतो. बीएमडब्ल्यूच्या एम३४०आय सारख्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आठ गिअरचा बॉक्स आहे. आजचे हे बॉक्सही इतके चपळ आहेत की रस्त्यावर फरक शोधावा लागतो, आणि मुंबईच्या रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते जास्त मऊ चालतात. जुन्या, एकाच क्लचच्या ऑटोमेटेड मॅन्युअल (क्लच गाडी स्वतःच दाबते अशा) गाड्यांत पॅडल ओढल्यावर एक झटका बसतो. तिथे ॲक्सिलरेटर किंचित सोडून गिअर बदलावा लागतो, आणि सायनच्या सिग्नलला इंचाइंचाने पुढे सरकत राहिलात तर क्लच झिजतो. असल्या गाडीत पॅडल कितीही देखणं असलं तरी रोजच्या वापरासाठी ती मी सुचवणार नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांतली पॅडल हा वेगळाच विषय आहे. बहुतेक गाड्यांत ती ब्रेकमधून बॅटरीत परत जाणारी ऊर्जा कमीजास्त करतात. ह्युंदाई आयोनिक ५ एन मध्ये कंपनीने आठ कृत्रिम गिअर दिले आहेत आणि ते पॅडलनेच बदलतात.

४. बंद गाडीत बसून हाताचं माप घ्या

टेस्ट ड्राइव्हच्या आधी हे करा. सेल्समनला नम्रपणे सांगा की थोडा वेळ नुसतं बसायचं आहे.

आधी सीट लावा. पाठ पूर्ण टेकलेली ठेवा. हात सरळ लांब केल्यावर मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पॅडलपर्यंत बोट पोचावं म्हणून सीट पुढे ओढू नका. ब्रेकवरचा पाय आणि एअरबॅगपासूनचं अंतर आधी, पॅडल नंतर.

मग हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा, डोळे मिटा, आणि डाव्या मधल्या बोटाने पॅडल शोधा. लगेच सापडलं का? ओढताना तळवा चाकावरून सुटला का? चाक पाव फेरी वळवून हेच पुन्हा करा. लहान हातांच्या माणसांना कित्येक गाड्यांत पॅडलची फक्त कड लागते. लांब नखं असतील तर आखूड पॅडलवर ती घासतात. हे माझ्या बहिणीने पहिल्या मिनिटात दाखवून दिलं, माझ्या कधी लक्षातही आलं नसतं.

गिअरची बटणं असतील तर अंगठा तपासा. खडबडीत रस्त्यावर चाक पकडून ठेवण्यात अंगठ्याचा मोठा वाटा असतो. तोच अंगठा उचलून बटण दाबायचं, ही या व्यवस्थेची मूळ अडचण. खड्ड्यात गाडी आपटली की अंगठा घसरतो, किंवा चाक वळवताना तळवा बटणावर दाबला जातो आणि नको तेव्हा गिअर पडतो. पावसाळ्यातला आपला कुठलाही सर्व्हिस रोड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

तरीही बटणांची एक जमेची बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिथे दोन्ही बाजूंच्या बटणांवर वर-खाली दोन्ही गिअर असतात, तिथे एक हात दुसऱ्या कामात असला तरी अडत नाही. बोटं ओढण्याचा त्रास असलेल्यांना अंगठ्याने दाबणं सोपंही जातं. आणि तुम्ही गाडी कायम ऑटोवरच ठेवणार असाल, तर निव्वळ बटणं आहेत म्हणून नीट सांभाळलेली ९९७ सोडून देऊ नका.

आणखी एक बारकावा. युरोपियन गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. मोठं डावं पॅडल आणि ही दांडी एकमेकांजवळ येतात. आपल्याकडच्या मारुती-ह्युंदाईवरून येणाऱ्याचा उजवा हात इंडिकेटर द्यायला जातो आणि वायपर सुरू होतो, ती सवय आठवड्याभरात मोडते. पण इंडिकेटर देताना डाव्या बोटांनी पॅडल ओढलं जात असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, ती रचना तुमच्या हाताला बसत नाही असं समजा.

५. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमवाले शक्यतो आसपासची एक छोटी चक्कर देतात. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर सगळीच पॅडल गोड वाटतात. तुम्ही आधी फोन करून सांगा की चढण आणि वळण असलेला रस्ता हवा आहे, आणि वेळ सकाळी लवकरची मागा.

दक्षिण मुंबईत असाल तर चौपाटीवरून वाळकेश्वरच्या चढणीने तीन बत्तीकडे जा. चढ, वळण, मध्येच थांबलेली टॅक्सी, सगळं मिळतं. वांद्र्यात पाली हिल किंवा माउंट मेरीचा चढ आहे. त्यानंतर कोस्टल रोडवर वेगवाढीची चाचणी घ्या. तिथली कमाल मर्यादा ८०, बोगद्यात ६०. सी लिंकवरही ८०, अटल सेतूवर १००. कॅमेरे आहेत, आणि टेस्ट ड्राइव्हला वेग दाखवायची काहीच गरज नाही. खालचा गिअर ५० वरूनही पारखता येतो. बोगद्यात आवाज घुमवण्यासाठी गिअर खाली आणायचा मोह मात्र टाळा. आजूबाजूच्यांना त्रास होतो आणि या गाड्या चालवणाऱ्या सगळ्यांचंच नाव खराब होतं.

चालवताना हे तपासा:

- ऑटोमध्ये ५० च्या वेगाने जाताना डावं पॅडल एकदा ओढा. गिअर किती पटकन पडतो आणि गाडी पुन्हा ऑटोवर किती वेळाने जाते? ओव्हरटेक पूर्ण व्हायच्या आत ती ऑटोवर गेली तर चिडचिड होते.
- लागोपाठ दोनदा ओढा. दोन्ही गिअर पडले की एकच?
- पूर्ण मॅन्युअलमध्ये, आरपीएम लाल रेषेजवळ गेल्यावर गाडी आपणहून वरचा गिअर टाकते की तुमची वाट बघते?
- फार वेगात खालचा गिअर मागितला तर गाडी नकार देते. हा दोष नाही, इंजिन वाचवण्यासाठीची सोय आहे. पण नकार कळतो कसा, आवाजाने की पडद्यावर, ते बघून ठेवा.
- परत ऑटोवर यायचं कसं? पुष्कळ गाड्यांत उजवं पॅडल थोडा वेळ ओढून धरलं की झालं. काहींत लिव्हरलाच हात लावावा लागतो.
- दोन्ही पॅडल एकदम ओढली तर काय होतं? फेरारीत गाडी न्यूट्रल होते. गाडी उभी असताना विचारून घ्या, चालत्या गाडीत प्रयोग नको.

घाट मात्र टेस्ट ड्राइव्हमध्ये मिळत नाही, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना एक्स्प्रेसवेच्या घाटात कारसाठी मर्यादा ६० आहे. स्पोर्ट्स कार ऑटोवर असली की उतारावर वरच्या गिअरमध्ये सैल सुटते आणि तुम्ही सारखे ब्रेकवर. उतार सुरू व्हायच्या आधी डाव्या पॅडलने तिसरा-चौथा गिअर धरून ठेवला की इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेक थंड राहतात. जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. आठ गिअरच्या गाडीतही त्यामागचं तत्त्व तेच आहे. सेकंड-हँड गाडीचा मालक तयार असेल तर त्याला बाजूला बसवून घाटापर्यंत जाऊन याच. पेट्रोल आणि टोल तुम्ही भरा.

हे सगळं परकं वाटत असेल तर आधी साध्या गाडीवर हात बसवा. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं १.५ लिटर डीएसजी, ह्युंदाई व्हर्ना टर्बो डीसीटी, होंडा सिटी सीव्हीटी, यांना पॅडल मिळतं. ओळखीत कुणाकडे तरी यांतली एक असतेच. डीएसजी आणि डीसीटी म्हणजे ड्युअल क्लचच; सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, सिटीतले टप्पे सीव्हीटीने नक्कल केलेले आहेत, त्यामुळे झटक्याचा अंदाज येणार नाही, पण बोटांची सवय होते.

६. बाकीच्या बटणांची गर्दी

फेरारीने ४५८ इटालियापासून इंडिकेटर, वायपर, दिव्यांच्या कळा चाकावरच आणल्या. मागे मोठी पॅडल असल्यामुळे दांड्यांना जागा उरत नव्हती. सरळ रस्त्यावर ही सोय सुंदर आहे. यू-टर्न घेताना चाक उलटं झालेलं असतं, आणि डाव्या इंडिकेटरचं बटण कुठे गेलं ते कळत नाही. म्हणून अशा गाडीत इंडिकेटर वळण सुरू करण्याआधीच द्यायची शिस्त लागते.

स्पर्शाने चालणाऱ्या बटणांपासून, ज्यांना दाबल्याची जाणीवच नसते, मी चार हात लांब राहीन. मुंबईचा घाम आणि दमट हवा यात ओलसर बोटाने ती कधी लागतात, कधी लागत नाहीत. वळताना तळवा घासला तरी काहीतरी सुरू होतं. कंपन्यांनाही हे उमगलेलं दिसतं: फोक्सवॅगनने नव्या गोल्फ जीटीआयच्या स्टीअरिंगवर दाबायची बटणं परत आणली, आणि फेरारीने २०२५च्या अमाल्फीत स्टार्टच्या बटणासह खरीखुरी बटणं पुन्हा दिली. एसएफ९० किंवा २९६ सेकंड-हँड बघत असाल तर स्टीअरिंगवरचे स्पर्शपट्टे दुपारच्या उन्हात आणि घामट हाताने, दोन्ही वेळा तपासा.

७. सेकंड-हँड गाडीत स्टीअरिंग जवळून बघा

मोबाईलचा टॉर्च लावून पॅडलच्या मागच्या बाजूला बघा. पुढून चकचकीत असलेलं पॅडल मागून सगळं बोलून जातं. मी बघितलेल्या एका गाडीचं डावं ॲल्युमिनियमचं पॅडल मागे मधोमध चंदेरी घासलेलं होतं, अंगठी घालणाऱ्या बोटाच्या जागी बारीक आडव्या रेघा होत्या, आणि उजवं जवळजवळ नवं होतं. मालकाने गाडी घाटात आणि ट्रॅफिकमध्ये भरपूर चालवली होती. ओडोमीटर मात्र अगदीच कमी सांगत होता. पुढची चौकशी तिथूनच सुरू झाली.

पॅडल दहा-बारा वेळा ओढा. दोन्ही बाजूंचा 'टक्' सारखा वाटला पाहिजे. एक बाजू भुसभुशीत किंवा सैल असेल तर आतला स्विच किंवा स्प्रिंग गेलेला आहे. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून दोन्ही टोकांना हॉर्न, बटणं आणि पॅडल चालतात का बघा. चाकाच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली वायरची पट्टी असते; हॉर्न, बटणं, एअरबॅग, सगळं तिच्यातूनच जातं. ती तुटायला आली की एखाद्या कोनात बटणं बंद पडतात आणि एअरबॅगचा दिवा लागतो. इग्निशन चालू केल्यावर तो दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. अशी गाडी तपासल्याशिवाय घेऊ नका.

जुन्या इटालियन गाड्यांच्या बटणांवरचा मऊ रबरी थर कालांतराने चिकट होतो, समुद्राकाठच्या दमट हवेत तर लवकरच. काढून नवा थर देता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. अल्कांटाराचं (मखमलीसारख्या कापडाचं) स्टीअरिंग घामाने तुळतुळीत होतं. रोजच्या वापराला लेदर बरं.

८. 'नंतर पॅडल बसवून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा

बटणवाली गाडी स्वस्तात घ्या आणि पॅडलचं स्टीअरिंग नंतर लावा, असा सल्ला हमखास मिळतो. काही मॉडेलमध्ये ते खरोखर शक्य असतं: कंपनीचंच, त्याच मॉडेलसाठीचं स्टीअरिंग, अधिकृत वर्कशॉपमध्ये, कोडिंगसह (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या स्टीअरिंगची नोंद करून). होईल की नाही ते चॅसिस नंबर देऊन वर्कशॉपकडून लेखी घ्या, आणि तेही गाडीचे पैसे देण्याआधी. बदल केल्यावर विमा कंपनीला कळवा.

गॅरेजमध्ये बाजारातलं स्टीअरिंग लावून घेणं वेगळं. त्यात एअरबॅग जाते किंवा तिची वायर जुगाडावर चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातात क्लेम अडकतो ते वेगळंच. मूळ पॅडलवर दुहेरी टेपने चिकटवायच्या लांब पट्ट्या मिळतात. बोट पोचत नसेल तर त्या उपयोगी पडतात, पण उन्हात उभ्या गाडीत टेप मऊ होऊन पट्टी सरकते आणि इंडिकेटरच्या दांडीत अडकते. लावायच्याच असतील तर स्क्रूने आवळणाऱ्या घ्या.

९. सोबत काय न्यावं

टेस्ट ड्राइव्हसाठी मूळ ड्रायव्हिंग लायसन्स किंवा डिजिलॉकरमधलं. गाडीला ओरखडा आला तर भरपाई कुणाची, हे शोरूमच्या फॉर्मवर सही करण्याआधी वाचा. पातळ तळव्याचे बूट, टॉर्च, छोटा रुमाल. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) असलेला ओळखीचा मेकॅनिक मिळाला तर उत्तम.

सेकंड-हँड असेल तर मालकाकडून आरसी, चालू विमा, पीयूसी, सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि दोन्ही चाव्या बघा. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा हिशेब झाल्याशिवाय टोकन देऊ नका. मूळ बिल किंवा ऑप्शनची यादी मिळाली तर तीही घ्या. स्टीअरिंग कंपनीतूनच आलं होतं की नंतर बदललं, ते तिथे कळतं.

१०. गाडी घरी आल्यावर

पहिल्यांदा मॅन्युअल रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर वापरा, सोमवारी ऑफिसला जाताना नको. आधी फक्त डावं पॅडल वापरा आणि वरचे गिअर गाडीवर सोडा. सिग्नल दिसला की ब्रेक लावत लावत एकेक गिअर खाली आणा. ब्रेक आधी, पॅडल नंतर, हा क्रम बोटांत बसला की उजव्या हाताकडे वळा. घरातलं दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर त्यांना किल्ली देण्याआधी तीन गोष्टी करून दाखवा: चुकून मॅन्युअल लागलं तर ऑटोवर कसं यायचं, न्यूट्रल कसं करायचं, आणि रिव्हर्स कुठे आहे. फेरारीसारख्या गाडीत रिव्हर्ससाठी मधल्या भागात वेगळं बटण असतं, आणि ते भर रस्त्यात मागचा हॉर्न वाजवत असताना शोधायची वेळ त्यांच्यावर यायला नको.